नाकाला विचारू नका

४ फेब्रुवारी

प्रिय नकोबा,

तुझं पत्र यायची वाट बघून कंटाळले आणि मीच लिहायला बसले. फोनचं म्हणशील तर कापडगिरणीतल्या मागांनी बावीस वर्षांत माझे कान खाल्लेत. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळतं, पण फोनवर ओठ कुठले? तुझे भावोजी मधे बसून तुझं बोलणं मला खुणांनी सांगतात, पण त्यात निम्मं त्यांच्या पदरचं असतं. पत्र बरं. पत्रात मधे कुणी नाक खुपसत नाही.

दर रविवारी तुझं 'पण' सदर वाचते. मी एकटी नाही हं, सगळी गल्ली. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी पायरीवर बसून जवळजवळ ओरडूनच वाचते आणि समोरच्या माडीपर्यंत पोचतं. सगळे 'हो' म्हणाले की तू 'नको' म्हणायचास, म्हणून बाबांनी तुला नकोबा म्हणायला सुरुवात केली. त्याच खोडीवर आज मोठ्या पेपरात तुला मानाचं पान आहे. बाबा असते तर हसून हसून पुरेवाट झाली असती त्यांची.

आता मुद्द्याचं. गल्लीच्या तळाशी भिंत आहे ना, तिच्या पलीकडे दोन वर्षांपूर्वी ते अवाढव्य शीतगृह झालं. मासे, फळं, औषधं, सगळं तिथे गोठवून ठेवतात. महिनाभर झाला, तिकडून वास येतोय. फरशी पुसायच्या जहाल औषधासारखा. डोळे चुरचुरतात आणि तासाभराने जातो. कुणी म्हणतं तो अमोनिया आहे, गार करायच्या यंत्रातला, आणि एक दिवस फुटला की सगळे जातील. टीव्हीवाली बाई आली होती. तिने चार पोरांना रांगेत उभं केलं आणि म्हणाली, "खोका बघू जोरात." पोरं हसत हसत खोकली. मग निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी आले, तोंडाला बांधायचे मास्क वाटले, फोटो काढले आणि निम्मे मास्क परत गोळा करून पुढच्या गल्लीत गेले. आम्ही बघतच राहिलो.

भिंतीला लागून टपरी आहे त्या इस्त्रीवाल्या वहिनी फार घाबरल्यात. त्यांची लेक शिक्षिका आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती म्हणते, टपरी उचल आणि माझ्याकडे ये. वहिनींचं मन होत नाही. गिऱ्हाईक सगळं इथलं. त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या भावाला विचारा. ते काय म्हणतात तसं करीन."

तर विचारते. काय म्हणतोस?

तुझी ताई

१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. तुमच्या शीतगृहावर सगळे पेपर एका सुरात रडताहेत, आणि सगळे एका सुरात रडायला लागले की माझे कान टवकारतात हे तुला ठाऊकच आहे.

मी गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलो. कंपनीने बोलावलं होतं, सकाळी विमानाने नेलं आणि संध्याकाळी आणून सोडलं. तुझ्या घरी यायला वेळच दिला नाही, रागावू नकोस. आत काय बघितलं सांगू? आत माणूसच नाही. सात मजली कपाटं, अंधार, हाडं गोठवणारी थंडी, आणि त्यातून लोखंडी गाड्या आपल्या आपण फिरताहेत. पेटी उचलतात, ठेवतात, कुठे धक्का नाही. तीनशे चाळीस संवेदक रात्रंदिवस हवा तपासतात. माणूस झोपतो, चहाला जातो, साहेबाला घाबरून खोटी नोंद करतो. यंत्राला यातलं काही जमत नाही. जनसंपर्काचे साहेब फार सभ्य गृहस्थ. त्यांनी आकडे समोर ठेवले. वर्षभरात एकदाही धोक्याची घंटा वाजलेली नाही.

वास येतो, मान्य. पण ताई, अमोनियाचा वास नाकाला इतक्या थोड्यात कळतो की धोका त्याच्या कितीतरी पुढे असतो. वास येणं म्हणजे घाबरायचं कारण नव्हे. नाक घाबरट असतं, आणि घाबरट साक्षीदारावर कुणी खटला चालवत नाही.

तुझ्या पत्रातला खोकायला लावण्याचा आणि मास्क परत घेण्याचा किस्सा मी लेखात घेतोय, तुझा उल्लेख न करता. त्याहून चांगला पुरावा मला कुठे मिळणार? जे खोकला उभा करतात ते धोकाही उभा करतात. रविवारी वाच. मथळा आहे, 'नाकाला विचारू नका'.

वहिनींना म्हणावं, टपरी हलवू नका. कुणाच्या तरी निवडणुकीसाठी आपलं बस्तान का मोडायचं?

भावोजींना नमस्कार. तू बिनघोर राहा.

तुझा नकोबा

२० फेब्रुवारी

प्रिय नकोबा,

काय लिहिलंस रे! पायरीवर बसून वाचला. खोकल्याच्या ठिकाणी सगळी गल्ली फिदीफिदी हसली, कारण ती पोरंच समोर बसली होती. 'घाबरट साक्षीदार' तर आता आमच्याकडे बोलण्यात आलंय. कुणी नाक मुरडलं की म्हणतात, आला बघा घाबरट साक्षीदार.

दोन घरांनी सामान बांधायला काढलं होतं, त्यांनी ते सोडलं. मोर्चा ठरला होता, त्याला सहा जण गेले. आणि इस्त्रीवाल्या वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "सुटले बाई. लेकीला सांगते, आता काही येत नाही." त्यांनी टपरीला नवा पत्राही घातला.

तुझे भावोजी मात्र फुरंगटून बसलेत. एसटीचं चाक तीस वर्षं हातात धरलेला माणूस, कुठलाही बिघाड ते आधी वासावरून ओळखत. म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला सगळं दिलंय देवाने, नाक तेवढं द्यायचं राहिलं." तेव्हापासून तुझा फोन आला तरी उचलत नाहीत. चार दिवसांत येतील ताळ्यावर. त्यांना थोडा कफ झालाय, हवा बदलली ना. मी वाफ देते आहे.

वास अजून येतो. काल जरा जास्तच होता. पण आता तो आला की मी तुझा लेख आठवते आणि मला बरं वाटतं.

तुझी ताई

६ मार्च

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. मला थोडी कणकण आहे, झोप लागत नाही. घर मोकळंच आहे. तू आणि भावोजी महिनाभर माझ्याकडे येऊन राहा ना. खूप दिवसांत आला नाहीत. आठवड्याच्या आत आलात तर फार बरं. तिकीट मी काढून पाठवतो.

भावोजींना हवापालट होईल. त्यांचा कफ अंगावर काढू नका. आणि जमलं तर वहिनींनाही थोडे दिवस लेकीकडे राहून यायला सांग. कारण नको सांगूस. सहज म्हणून सांग.

फोनवर या विषयावर काही बोलू नकोस. भावोजींनाही बोलू देऊ नकोस. पत्र लिहिलंस तर ऑफिसच्या पत्त्यावर नको, घरी पाठव.

लवकर या.

नकोबा

१२ मार्च

प्रिय नकोबा,

तुझं पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. एवढीशी कणकण आणि मला बोलावतोस? तू तर टायफॉइडमध्येसुद्धा 'ताईला कळवू नका' म्हणणारा. खरं सांग, काय झालंय? ऑफिसात कुणाशी वाजलं का? एकटा राहून राहून माणूस मनाने खचतो. डॉक्टरला दाखव. पोटात गरम गरम जाऊ दे. रात्री वाचत बसू नकोस.

लगेच यायचं जमणार नाही रे. यांची तपासणी एकोणीसला आहे. ती झाली की वीसला निघतो, नक्की. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

वहिनींना सहज म्हणून सांगितलं, लेकीकडे जाऊन या. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं ना भ्यायचं कारण नाही म्हणून?"  कारण सांगू नको म्हणालास, आणि मला तरी कुठे कारण ठाऊक आहे.

फोनचं काय ते मला कळलं नाही. कुणाला घाबरतोस तू? तू आणि घाबरणं, हे काही जुळत नाही.

काळजी घे. वीसला येतेच.

तुझी ताई

१५ मार्च, कुरियरने

ताई,

मला ताप नाही. नव्हता. आता सरळ लिहितो.

शीतगृहाच्या देखभाल विभागातली एक मुलगी काही दिवसांपूर्वी मला भेटायला आली. संवेदक तपासण्याचं काम तिचं होतं. माझा लेख तिने घडी घालून वहीत ठेवला होता. समोर बसली आणि म्हणाली, "सर, वर्षभरात घंटा वाजली नाही हे तुम्ही बरोबर लिहिलंय. का वाजली नाही ते लिहायचं राहिलं."

पहिल्या वर्षी घंटा सारखी वाजायची. दर वेळी सगळं थांबवावं लागायचं आणि माल अडकायचा. मग वरून हुकूम आला. हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस भाग अमोनिया झाला की वाजणारी घंटा दीडशेवर नेऊन ठेवली. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या भिंतीलगत आतून अमोनियाची जी मोठी नळी जाते तिचं वळण गंजलंय. तिने तीनदा लेखी कळवलं, त्या सगळ्या नोंदी तिच्या वहीत आहेत. तिसऱ्यांदा कळवल्यावर तिचं ओळखपत्र दारावर चालेनासं झालं. आत माणूसच नाही हे मी कौतुकाने लिहिलं होतं ना? ती म्हणाली, "म्हणूनच तर, सर. आत वास घ्यायलाच कुणी नाही."

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "एका काढून टाकलेल्या पोरीच्या वहीवर तू स्वतःला खोटं पाडणार? तुझा वाचक तुझ्याकडे 'मी चुकलो' वाचायला येत नाही. आधी दुसऱ्या कुणाकडून पक्कं कर." मी पक्कं करायला लागलो. दोन फोन केले. दुसऱ्या दिवशी जनसंपर्काच्या त्या सभ्य साहेबांचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. म्हणाले, "तुमच्या ताई आमच्या शेजारीच राहतात की! आधी सांगायचं ना. पायरीवर बसून तुमचा लेख फार छान वाचतात म्हणे. त्यांना आमचा नमस्कार कळवा."

मी तुझ्याबद्दल त्यांना कधीच काही बोललो नव्हतो.  त्या मुलीला सावध करावं म्हणून फोन लावला, तर तो बंद. तेव्हापासून बंदच आहे.

म्हणून ताप आला असं लिहिलं. वाटलं, पत्र कुणी उघडलं तरी तुम्ही गुपचूप निघून याल. मला तुमच्यापुरतंच सुचलं, बाकी गल्ली सुचली नाही. हे लिहिताना शरम वाटते.

ताई, वीस तारीख नको. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघा. वहिनींना घ्या. सगळ्यांना सांगा की लेख चुकला. माझ्या नावाने सांगा, हवं तर हे पत्र वाचून दाखवा. भिंतीजवळ पांढरं धुकं दिसलं तर ओलं फडकं नाकातोंडावर धरून चढाकडे पळा.

नकोबा

२७ मार्च

नकोबा,

आम्ही जिवंत आहोत हे तुला पेपरातून कळलं असेल. यांना दवाखान्यात नळी लावून ठेवलंय, बोलता येत नाही, पण डोळ्यांनी ओळखतात. मी दिवसा त्यांच्याजवळ असते आणि रात्री इथे येते. शाळेच्या वर्गात आम्हा सगळ्यांची सोय केली आहे. बाकाच्या फळीवर कागद ठेवून लिहिते आहे.

काय झालं ते तुला सांगायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस नाही.

तुझं पत्र मला सतराला दुपारी मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुला कुणीतरी धमकावून हे लिहून घेतलंय. निवडणूकवाल्यांनी. तूच शिकवलंस ना, भीती पसरवणाऱ्याचा हेतू आधी बघा? मी तुझ्याच पत्रात हेतू शोधत बसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते खरं वाटलं. मग लाज वाटली. महिनाभर ज्या पायरीवरून मी सगळ्यांना हसवलं, तिथे उभं राहून आता काय सांगू? म्हटलं, उद्या सांगू. यांची समजूत घालायची, बॅग भरायची, मग निघता निघता सगळ्यांना सांगू. पत्र उशीखाली ठेवलं.

अठराला सकाळी दहाला वहिनी दारात आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, "ताई, आज जरा जास्तच येतोय हो वास. डोळ्यांतून पाणी थांबत नाही. बंद करू का टपरी?"

माझ्या ओठांवर आलं होतं रे. पण एका वाक्यात सगळं कसं सांगायचं? मी म्हणाले, "अर्धा तास थांबा, मी येतेच खाली, बोलायचंय तुमच्याशी." मी थांबा म्हणाले. त्या टपरीत जाऊन थांबल्या.

मी बॅगेत कपडे टाकत होते. खिडकीतून बघितलं तर गल्लीतले लोक पळत होते, सगळ्यांची तोंडं उघडी. मला काहीच ऐकू येत नव्हतं. आवाज नसला की माणसं वेगळी दिसतात, बाहुल्यांसारखी. क्षणभर कळलंच नाही की ती ओरडताहेत. मग तळाच्या बाजूने धुकं येताना दिसलं. जमिनीला धरून, गुडघाभर, घाई नसल्यासारखं. भिंतीपाशी ते उंच चढलं होतं; टपरीचा पत्रा तेवढा दिसत होता, खाली काही दिसत नव्हतं. यांनी मागून येऊन माझा दंड धरला. मी ओलं फडकं यांच्या तोंडावर बांधलं, तर त्यांनी ते काढून माझ्या तोंडावर दाबलं आणि मला ओढत चढावर नेलं. वर पोचल्यावर ते खाली बसले आणि काळेनिळे पडले.

वहिनी गेल्या. बारा जण दवाखान्यात आहेत. गेल्या त्या एकट्याच.

घंटा वाजलीच नाही म्हणतात.

त्यांची लेक परवा आली होती. रडली नाही. प्रत्येकाला एकच विचारत होती, "आईला थांबा असं कुणी सांगितलं होतं?" सगळे म्हणाले, पेपरात आलं होतं. माझ्याकडे आली तेव्हा मी कान पुढे करून ऐकू न आल्याचं सोंग केलं. इतक्या वर्षांच्या बहिरेपणाचा असा उपयोग मी कधी केला नव्हता.

आता मला एक सांग. ती देखभालवाली मुलगी तुझ्याकडे कोणत्या तारखेला आली? तू 'काही दिवसांपूर्वी' लिहिलंयस. मला तारीख हवी.

ताई

२ एप्रिल

ताई,

तेवीस फेब्रुवारी.

लिहून टाकलं. महिनाभर हा आकडा रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी समोर यायचा.

तेवीस फेब्रुवारीला ती आली आणि पंधरा मार्चला मी तुला सरळ लिहिलं. मधले वीस दिवस मी काय केलं? पहिले दोन दिवस तिच्यावर विश्वास न ठेवण्याची कारणं शोधली. भरपूर सापडली, ती शोधण्यातच माझा हात बसलाय. मग संपादक, मग फोन, मग त्या साहेबांचा नमस्कार. मी घाबरलो हे खरं. पण खरी भीती मला साहेबांची नव्हती. मला त्या खोकायला लावणाऱ्या बाईच्या रांगेत जाऊन उभं राहायची भीती होती. ती खोटं दाखवत होती आणि तरी तीच बरोबर होती, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. एका रात्रीच्या प्रवासाने मी तुझ्या दारात उभा राहू शकलो असतो. आलो नाही, कारण आलो असतो तर गल्लीला तोंड दाखवावं लागलं असतं.

काल चौकशी अधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. कुणी बोलावलं नव्हतं. ती मुलगीही तिथेच भेटली. जिवंत आहे, मावशीकडे लपून होती. तिची वही आता त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे बघून तिने मान फिरवली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "लेख लिहिताना तुम्हाला स्वतःला खात्री होती का, की धोका नाही?"

 मी म्हणालो, "मी तसा विचारच केला नव्हता. सगळे घाबरले होते, म्हणून मी घाबरलो नाही. माझ्याकडे एवढाच पुरावा होता."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली.

'पण' बंद झालं. मीच थांबवलं असं म्हणायला आवडलं असतं, पण त्यांनी थांबवलं. दारावरची बेल वाजली की अजून आधी खिडकीतून बघतो. काल दूधवाला होता.

माझी पत्रं तुझ्याकडे आहेत. त्यांवर तारखा आहेत. काय करायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. सांगायचा हक्क गेला.

भावोजी कसे आहेत?

नकोबा

२३ एप्रिल

प्रिय नकोबा,

यांची नळी काढली. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "मेव्हण्याला फोन लाव." मी लावला नाही, आधी हे पत्र पोचू दे. चार पावलं चालले की धाप लागते. ती आता जन्माची, असं डॉक्टर दवाखान्यातून सोडताना म्हणाले. मी त्यांना इथे शाळेत आणलंय.

पत्रं मी वहिनींच्या लेकीला दिली. सगळी. तुझी आणि तुला लिहिलेल्या माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रतीही. उशीखालच्या पत्राचं आणि 'थांबा' म्हणाल्याचं मी तोंडानेही सांगितलं, कारण ते नुसतं कागदावर सोडून चालणार नव्हतं.  वाटलं, ही आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल. तिने व्हरांड्यात बसून तासभर वाचलं. मग माझ्याजवळ येऊन, मला ओठ दिसतील असं हळू बोलली.

"आईला वास येत होता ना?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग तिने स्वतःच्या नाकाचं का नाही ऐकलं?"

 ती पत्रं घेऊन गेली. चौकशीत देईल. माझंही नाव त्यात येईल, येऊ दे.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. शीतगृह परवापासून पुन्हा सुरू झालं. नळी बदलली, घंटा पहिल्यासारखी पंचवीसवर आणली, असं सरकारी माणसं सांगून गेली. गल्लीतल्या लोकांना सोमवारी घरी जायला परवानगी मिळाली. आणि गेल्या रविवारी तुझ्या जागी पेपरात कुणा नव्या माणसाचा लेख आला. तो म्हणतो, एका अपघातावरून यंत्रांना शिव्या घालणं सोपं आहे, रस्त्यावर रोज याहून जास्त माणसं मरतात, आता ही जागा सगळ्यात जास्त तपासलेली, म्हणून सगळ्यात सुरक्षित. चांगलं लिहितो. तुझ्यापेक्षा बरं लिहितो कदाचित. नकोबा, निम्म्यापर्यंत मला पटत गेलं. मान हलवत होते मी. मग माझं मलाच कळलं आणि मी पेपर मिटून ठेवला.

वर्गावर्गात फिरले. प्रत्येक कुटुंबाला सांगितलं, इतक्यात जाऊ नका. सगळे "हो ताई" म्हणाले आणि पिशव्या भरत राहिले. त्यांचंही बरोबर आहे. बाकांवर किती दिवस झोपणार? आम्ही दोघंच राहिलो. मुख्याध्यापिकाबाईंनी महिनाअखेरपर्यंत हा वर्ग वापरायला दिलाय.

आज सकाळी शाळा भरली. गल्लीतली मुलंही आली. पहिलीतली एक चिमुरडी, समोरच्या माडीवरची, माझ्या दारावरून जाताना थांबली. डोळे चोळत होती, लालबुंद. विचारलं, काय गं? तर म्हणाली, "आई म्हणते झोप झाली नाही."

मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांना नाक लावलं. वास होता.

पुढचं नंतर लिहिते. यांना सांगितलंय, दार लावून घ्या. मी गल्लीत चालले आहे, एकेका घराचं दार वाजवायला.

ताई